तशीच ठोकलेली पिन

ग्रीसचा वास आला की जुन्नरचं ते गॅरेज आठवतं. माझ्या जुन्या जीपच्या पुढच्या चाकांना मिस्त्रीनं किंगपिनचे, म्हणजे चाक ज्या पिनवर वळतं तिचे, नवे बुश बसवले होते. “भाऊ, बुश आतून रिमरनं घासल्याबिगर पिन मोकळी फिरायची न्हाई. रिमर उद्या येतोय.” “जीप घेणारं गिऱ्हाईक मढला ताटकळलंय, राव! ठोक तशीच!” मी एवढा ओरडलो की त्यानं हातोडा उचलून पिन तशीच ठोकली. मढच्या अलीकडच्या वळणावर स्टिअरिंग जाम झालं, जीप उलटली आणि शेजारी बसलेला माझा धाकटा भाऊ जागीच गेला. दहाव्याला मिस्त्री आला, तेव्हा मी त्याला दारातूनच हाकललं. आज माझी चूक कळते, तरी त्याच्यावरचा राग जात नाही. काम त्याला कळत होतं. त्यानं त्या दिवशी मला गॅरेजबाहेर काढायला हवं होतं.