हौशीरामचे एकोणीस दिवस

हौशीराम वडिवळ्याचा. सरकारी राखीव रानात बावीस वर्षं राखा होता. नाटक कंपनी सोडून मी लोणावळ्याला राहायला आलो तेव्हा त्याची माझी ओळख झाली. अंगावर खाकी, पायांत जाड वहाणा, आणि चाल अशी की रंगमंचावर सेनापतीला शिकवून येत नाही. माझी जुनी पदं ऐकायला तो बाजारच्या दिवशी हटकून यायचा आणि दाद द्यायची ती मान खाली घालून.

लढाई सुरू झाली त्या वर्षी, आषाढ शुद्ध द्वितीयेला, त्याच्या हातात बडतर्फीचा हुकूम पडला. गोठ्यात सागाची तुळई सापडली होती. ती त्यानं बद्रुद्दीनभाईंच्या वखारीतून रीतसर घेतलेली, पण साहेबांनी ऐकून घेतलं नाही. हुकमात सरळ ‘चोरी’ असं लिहिलं होतं. नोकरी गेल्याचं त्याला दुःख होतंच. पण झोप उडवली ती त्या शब्दानं. ज्या वाटेनं तो लाकूडचोरांना धरून आणायचा, त्याच वाटेवर आता माणसं त्याला बघून हसत.

अपिलाला मुदत तीन महिन्यांची. अर्ज मी लिहायचा असं ठरलं, कारण कंपनीत नकला उतरवून माझं अक्षर वळणदार झालेलं. पण अर्जाचा सगळा जीव बद्रुद्दीनभाईंच्या जबाबात होता, आणि ते पावसाळ्यापुरती वखार बंद करून महाडला बहिणीकडे गेलेले. हौशीरामची बायको झुंबरबाई दिवस मोजत होती, तिथीवर तिथी. “अश्विनातल्या दुजेपातुर येळ हाय,” असं ती मला ठासून सांगायची. त्या वर्षी श्रावण अधिक आला होता. अधिकात सण नाही, लग्न नाही. तो महिना हिशेबात धरायचाच नसतो, असं तिचं म्हणणं. खरं सांगतो, मलाही ते पटलं. आमच्या घरीही तशीच रीत होती.

भाद्रपद सरता सरता बद्रुद्दीनभाई परतले. त्यांनी पंचांसमोर जबाब लिहून दिला, वर म्हणाले, आधी पत्र टाकलं असतंत तर होडीनं का होईना आलो असतो. सर्वपित्रीच्या तीन दिवस आधी मी आणि हौशीराम पुण्याच्या गाडीत बसलो. त्याच्या मते पाच दिवस हातात होते. गाडीत तो चक्क हसला, मला एक पद गुणगुणायला लावलं.

कचेरीतल्या कारकुनानं अर्ज उलटा करून आधी तारीख पाहिली. मग भिंतीवरच्या इंग्रजी कॅलेंडरची पानं मागं घेतली आणि सांगितलं की मुदत वीस सप्टेंबरलाच संपली. एकोणीस दिवस उशीर झालाय.

मी अधिक महिन्याचं सांगू लागलो, तर कारकून म्हणाला, सरकारला अधिक महिना माहीत नाही. माणूस मात्र वाईट नव्हता. टाक दौतीत बुडवून त्यानं आवाज उतरवला. “उशिराचं कारण लिहावं लागतं. मावळात पावसाळ्यात माणसं तापानं आडवी होतात. तुम्ही आजारी होता ना?”

मी हौशीरामला कोपरानं ढोसलं. आयुष्यभर मी न झालेल्या जखमांनी विव्हळलो होतो. मला ते एक ‘हो’ किती सोपं वाटलं!

“न्हाई सायेब,” तो म्हणाला. “धडधाकट व्हतो. आमी अधिक महिना मोजला न्हाई.”

कारकुनानं माझ्याकडं पाहिलं, आणि तेच लिहिलं.

बाहेर येऊन मी त्याला खूप बोललो. बावीस वर्षं पाण्यात घातलीस म्हणालो, बायकोचा तरी विचार करायचा होतास. तो कचेरीच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, “आबा, चोर न्हाई म्हनून सांगाया आलो, आन् सुरवात खोट्यानं करू व्हय?”

दिवाळीनंतर उत्तर आलं. मीच वाचून दाखवलं. अर्ज मुदतीनंतर आला म्हणून दाखल करता येत नाही, एवढंच होतं. तुळईचं नाव नाही, बद्रुद्दीनभाईंचं नाव नाही. जबाब कुणी वाचल्याची खूण नाही. झुंबरबाई चुलीपुढं बसली होती. “म्या मोजलं. माज्यामुळं झालं,” एवढं म्हणाली आणि त्या दिवशी जेवली नाही. हौशीरामनं तिला शब्दानं दुखवलं नाही, पण समजूतही घालवेना त्याला.

यावर पुढं अपील आहे का, असं त्यानं विचारलं. मी नाही म्हणालो. मग निदान तो जबाबाचा कागद तरी परत मागवा, म्हणाला, गावात दाखवीन. मी पत्र टाकलं. कागद दप्तरात राहतो, मिळत नाही, असं कळलं.

वखारीत जाऊन सांगितलं तेव्हा बद्रुद्दीनभाईंना हे ऐकवेना. ते म्हणाले, “अरे, तसे दहा लिहून देतो.”

“दहा लिवशीला, बद्रुभाई,” हौशीराम म्हणाला, “पर वाचनार कोन?”