सदस्यांची सहल

आईचा फोन काकांनी उचलला, तेव्हाच माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"तुझी माय दर्शनाला गेली," काका म्हणाले. "तू कामून सारखा फोन करून राह्यली? तिकडं अभ्यास कर ना."

सकाळी केला तेव्हाही आई दर्शनाला गेली होती. दुपारीही तेच. संध्याकाळीही तेच. एवढं दर्शन तर तिथल्या पुजाऱ्यालासुद्धा होत नसेल. मी विचारलं, "काका, आईचा फोन तुमच्याकडं कसा?" तर म्हणे, "समद्यांचेच माझ्याकडं हेत. पिशवीत ठेवले. बायकांचे हरवत्यात." आणि दिला ठेवून.

हे काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. गाव आमचं राजूरपासून जवळच, भोकरदन तालुक्यात. मी मात्र तेव्हा इंग्लंडमधल्या एका कायम ओल्या शहरात शिकत होते. विषय लोकप्रशासन. म्हणजे लोकशाही कशी चालते ते शिकायला मी समुद्र ओलांडून गेले होते, आणि इकडे माझी आई, ग्रामपंचायतीची निवडून आलेली सदस्य, आपल्या लेकीशी फोनवर बोलू शकत नव्हती.

निवडणूक नुकतीच झाली होती. सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं होतं, तिथं एक बाई निवडूनही आली होती, आणि सदस्यांतही गड्यांपेक्षा बायका जास्त. आता त्यांनी आपल्यातून उपसरपंच निवडायचा होता. काका स्वतः सदस्य होते आणि त्यांना ते पद पाहिजेच होतं. म्हणून त्यांनी सहल काढली. सहल म्हणजे काय, तर मतं फुटू नयेत म्हणून सदस्यांना गाड्यांत घालायचं, देवाला न्यायचं, लांबच्या एखाद्या भक्तनिवासात ठेवायचं, फोन काढून घ्यायचे आणि मतदानाच्या सकाळी थेट पंचायतीच्या दारात आणून उतरवायचं. बाजाराला शेरडं नेतात त्यात आणि यात मला तरी काही फरक दिसत नाही. सदस्य बाई असली तर नवराही सोबत असतो. खरं बोलायचं तर नवराच सदस्य म्हणून जातो आणि बाई सोबत असते.

या काकांचं लोकांवर फार प्रेम. मी परदेशी निघाले तेव्हा त्यांनी गावाच्या फाट्यावर माझ्या अभिनंदनाचा फलक लावला होता. त्यात मध्यभागी काका, हात जोडून. खाली शुभेच्छुकांची डोकी ओळीनं. मी कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोतली, तीही अर्धी एका शुभेच्छुकाच्या टोपीमागं. आई त्या फलकाकडे बघून म्हणाली होती, "शिकली तू, अन् चालला कोण?"

आणि आता जे फक्त मला ठाऊक होतं ते सांगते. उपसरपंच आईलाही व्हायचं होतं.

तिला खुर्चीचं काही नव्हतं. तिला नळाची वेळ बदलायची होती. आमच्या गावात पाणी कधी सोडायचं हे काकांच्या शब्दावर चालायचं. वरच्या आळीला, म्हणजे त्यांच्या आणि आमच्या घरांना, सकाळी. खालच्या वस्तीला भर दुपारी. दुपारी तिथल्या बाया रोजानं रानात गेलेल्या असतात. मग नळ आपला वाहतो मोकळा, आणि संध्याकाळी या बाया दमून येऊन आमच्या दारात घागर घेऊन उभ्या. आईला मतं दिली ती त्यांनीच. आईनं त्यांना शब्द दिला होता, पाणी सकाळी येईल. निवडून आल्यावर तिनं काकांना एकदा सांगून पाहिलं, तर ते म्हणाले, "वहिनी, त्यातलं तुम्हाला काय कळतंय? तुम्ही सही करत जा."

त्या दिवशी ती मला फोनवर हळूच म्हणाली, "मी उभी राह्यले तर चालंल का गं?"

"चालेल? पळेल!" मी म्हणाले.

त्यानंतर तिसऱ्याच दिवशी सहल निघाली.

तिकडे आमच्या प्राध्यापक बाईंना भारतातल्या महिला आरक्षणाचं केवढं कौतुक! पडद्यावर त्या एक फोटो दाखवायच्या. डोक्यावरून पदर घेतलेल्या बायका रांगेनं खुर्च्यांवर बसलेल्या. दर वेळी तो फोटो आला की बाई माझ्याकडे बघून हसायच्या, जणू त्या फोटोतली एखादी माझी मावशीच आहे. मला फोटोत मागं दारात उभे असलेले गडी दिसायचे. ते कुणालाच दिसत नव्हते. फार राग यायचा मला. यांना आमची लोकशाही दुरून गोड लागते, आणि यांची स्वतःची? तिथं विद्यार्थी संघाची निवडणूक झाली, तर मत द्यायला कुणी फिरकेना म्हणून पिझ्झा वाटला. आमच्याकडे मटण, यांच्याकडे पिझ्झा. आमच्याकडे निदान रस्सा तरी असतो.

फोन लागेना म्हणून शेवटी मी वडिलांना गाठलं. त्यांचाही फोन पिशवीतच होता, पण त्यांनी काहीतरी औषधाचं निमित्त सांगून घटकाभर मागून घेतला होता. आवाज दबलेला.

"आईला द्या," मी म्हणाले.

"ती बायकांच्या खोलीत हे. आन् हे बघ, आता तू काही डोकं चालवू नको. येता येता राजूरला थांबलो होतो. समद्यांनी गणपतीच्या पायरीला हात लावून शपथ घेतली, मत तुझ्या काकालाच. झालं आता ते."

माझी आई दर चतुर्थीला राजूरला जाते. पाऊस असो, ताप असो. त्या पायरीला हात लावून दिलेला शब्द ती मोडणार नाही, हे काकांना बरोबर ठाऊक होतं. म्हणून तर गाड्या तिथं थांबवल्या. देवालासुद्धा या माणसानं आपल्या पार्टीत घेतलं. मला इतका संताप आला की वडिलांना काय बोलू नि काय नको असं झालं. शेवटी एवढंच म्हणाले, "आणि तुम्ही तिथं काय करता?" ते म्हणाले, "काय करणार? पत्ते खेळून राह्यलो."

दुसऱ्या दिवशी वर्गात बाईंनी आम्हाला रंगीत चिठ्ठ्या वाटल्या. प्रत्येकानं एक लिहायची, नेता म्हणजे कोण. आणि भिंतीला चिकटवायची. पोरांनी भराभर लिहिलं. दूरदृष्टी असणारा. इतरांचं दुःख जाणणारा. ऐकून घेणारा. मी लिहिलं, ज्याच्या पिशवीत सगळ्यांचे फोन आहेत तो.

बाई त्या चिठ्ठीपाशी थांबल्या. म्हणाल्या, काय सुंदर प्रतिमा आहे!

प्रतिमा कसली डोंबलाची! नायलॉनची पिशवी आहे ती, भाजीची. मी तसं बोलून दाखवलं, जरा जास्तच आवाजात. सगळं सांगितलं, आई, नळ, पायरी. बाईंचा चेहरा पडला, आणि मग त्या मऊ आवाजात म्हणाल्या की संस्थात्मक बदलाला वेळ लागतो. वेळ लागतो! त्यांच्या घरच्या नळाला कधीही पाणी येतं. मी बॅग उचलली आणि बाहेर पडले. आईला "पळेल" म्हणणारी मी मोठी शहाणी, आणि ती तिकडं देवाच्या पायरीला बांधलेली. तिच्या दारात आता संध्याकाळी घागर घेऊन कोण उभं राहील, आणि ती त्यांच्याकडे कोणत्या तोंडानं बघेल, एवढंच डोक्यात फिरत होतं.

मतदानाच्या दिवशी वाचनालयात बसले होते, तर फोन वाजला. आईचा. आईच्याच हातात. व्हिडिओवर तिचं तोंड गुलालानं माखलेलं दिसलं.

"झाले गं," ती म्हणाली.

"काय झालीस?"

"उपसरपंच, दुसरं काय!"

मी एवढ्यानं ओरडले की शेजारचा पोरगा दचकून उठला. मला काही सुधरेना. म्हटलं, "आई, अगं, शपथ?"

"कसली शपथ? मी कुठं घेतली?"

मग तिनं सांगितलं. राजूरला गाड्या थांबल्या. काकांनी सगळ्या सदस्यांना पायरीपाशी बोलावलं. सदस्य म्हणजे कोण, तर जे गडी निवडून आले ते गडी, आणि ज्या बायका निवडून आल्या त्यांचे नवरे. सरपंचबाईंचा नवरासुद्धा त्यातच. एकेकानं पायरीला हात लावला, काकांनी प्रत्येकाकडून बोलून घेतलं. बायकांना खाली चपलांपाशी उभं केलं होतं. राखण करायला.

"आम्हाला कुणी हाकच मारली न्हाई," आई म्हणाली. "मंग आम्ही चपला राखल्या. बराबर राखल्या, एक बी हरवली न्हाई."

आणि भक्तनिवासात? तिथं गडी पुढच्या खोलीत पत्त्यांना बसले आणि साऱ्या बायकांना मागच्या एका खोलीत टाकलं. रांधायचं नाही, गोठा नाही, पाणी भरायचं नाही. लग्न झाल्यापासून या बायका पहिल्यांदाच नुसत्या एकमेकींजवळ बसल्या. जे एरवी वर्षभरात बोलून झालं नसतं ते तिथं बोलून झालं. काकांनीच जमवून दिलं, स्वतःच्या गाडीनं.

मतदानाच्या सकाळी गाडीतून उतरताच आईनं अर्ज दिला. काका हसले म्हणे. म्हणाले, "वहिनी, तुमचं एकटीचंच मत पडंल." मग अधिकारी आले आणि त्यांनी जे सदस्य नाहीत त्यांना बाहेर काढलं. सगळे नवरे खिडकीला लोंबकळले. मतदान चिठ्ठीवर घ्यायचं का हात वर करून, असं अधिकाऱ्यांनी विचारलं. काकाच म्हणाले, हात वर करून. कोण फुटतं ते त्यांना बघायचं होतं ना. आईचं नाव पुकारलं आणि सगळ्या बायकांचे हात वर गेले, सरपंचबाईंचा सगळ्यांत आधी.

काका ताडकन उठले. "राजूरच्या पायरीला हात लावून शपथ घेतली अन् इथं मोडता? लाज न्हाई वाटत?"

"मोडायला आधी घ्यावी लागती, भावजी," आई म्हणाली. "आम्हाला कुठं विचारलं तुम्ही?"

हे ऐकताना मी हसत होते, आणि हसता हसता मला रागही आला. आजही येतो. कारण त्या पायरीपाशी या बायकांना माणसांत धरलं असतं, तर त्या अडकल्या असत्या. धरलं नाही म्हणून सुटल्या. असल्या हिशेबावर माझ्या आईला निवडून यावं लागलं. आणि एवढं होऊनही, बाहेर आल्यावर गावानं पहिला हार घातला तो माझ्या वडिलांच्याच गळ्यात. वडील बिचारे हार घालून रडवेले उभे. त्यांनी शपथ घेतली होती आणि ती त्यांच्या घरातच मोडली होती. आता देव कोपणार म्हणून त्यांनी धसका घेतला.

"कुठं आहेत ते?" मी विचारलं.

"हे काय, निघाले. माफी मागायला राजूरला चाललेत, अनवाणी. माझ्याशी बोलून नाही राह्यले."

"मग तू काय म्हणालीस?"

"जा म्हणलं," आई म्हणाली. "येताना पेढे आणा, खालच्या वस्तीत वाटायचेत. अन् सकाळच्या पारी या. दुपारी तिथं कुणी घरी नसतं."