फितीवरचा पाळणा

सहदेव परबाचा बाप गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. सहदेव गिरणीत गेला नाही. घाटकोपरला एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात चिकटला. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून त्याला वाढवलं ते बापाच्या विधवा बहिणीनं, जानकीआतेनं. चाळीत कुणाकडे बारसं असलं की सागवानी पाळणा आतेच्या माळ्यावरून निघायचा आणि पाळण्याचं गाणंही आतेच म्हणायची. वीस वर्षांत त्या चाळीतल्या एकाही पोराचं नाव तिच्या गाण्यावाचून ठेवलं गेलं नव्हतं.

१९५७ च्या मार्चमध्ये आतेच्या गळ्यातली जुनी गाठ वाढली. घास उतरेना. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली आणि आडपडदा न ठेवता हेही सांगितलं, की आवाजाची शीर त्या गाठीला चिकटली आहे. जीव वाचेल, आवाजाचं सांगता येत नाही. सोमवारी भरती व्हायचं होतं. हातात आठ दिवस होते.

दुकानात एका बोटीवरच्या साहेबानं टाकून दिलेला टेपरेकॉर्डर पडला होता. सहदेवनं मालकाला विचारून तो घरी आणला आणि चार दिवस त्याच्याशी झुंजला. शुक्रवारी सकाळी चक्रं फिरली. फीत मागं घेऊन त्यानं पुन्हा लावली, तर आतून त्याच्या बायकोचा, मालनचा आवाज आला, "अहो, चहा निवतोय!"

मालन चुलीपाशी बसली होती. तिचं तोंड बंद होतं. तिनं पदर तोंडाला लावला. "आणि काय काय ऐकलंय त्यानं?"

सहदेवला हसू आलं नाही. रेडिओचं त्याला ठाऊक होतं. कुठंतरी कुणीतरी गात असतं आणि ते इथं येतं. पण इथं तर गेलेली वेळ परत आली होती, बोटभर रुंदीसुद्धा नसलेल्या तपकिरी फितीवरून.

दुपारी नळ गेला, चाळ आडवी झाली, तसं त्यानं आतेला मायक्रोफोनसमोर बसवलं. ती हात मांडीवर ठेवून गायली. फीत लावली तर पाठ म्हणून दाखवल्यासारखं गाणं. शिवाय वरच्या सुराला फळीवरची पितळी भांडी झणझणत होती. त्यानं भांडी उतरवली, भिंतींना गोधड्या टांगल्या. भांडी गप्प झाली, गाणं मात्र तसंच कोरडं.

"आते, हा तुझा आवाज नाय."

"दोरी हातात नाय तर आवाज खंयसून येतलो?" आते म्हणाली.

शनिवारी त्यानं पाळणा कडीला टांगला. दोरी पुढं केली. आतेनं हात मागं घेतला.

"खुळ्या, रिकामो पाळणो हलवतत काय? पोराक बाधता."

"कुणाच्या पोराला? आपल्याकडे पोर आहे कुठं?"

"जगात पोरां नाय काय?"

सहदेव दोरी तशीच धरून उभा राहिला. खरं पोर पाळण्यात घालावं तर ते रडणार. मालन मात्र उठली. पाट्यावरचा वरवंटा तिनं धुऊन पुसला, त्याला टोपडं बांधलं आणि दुपट्यात गुंडाळून पाळण्यात ठेवला. बारशाला पोराआधी तोच तर निजतो!

"ह्या बरां," आते म्हणाली. "तुझ्या बायकोक अक्कल आसा. अक्कल वाटताना देवान तुका रे खंय ठेवलल्यान?"

आता गाणं आलं. पण कडी जोरात कुरकुरत होती. सहदेवनं तिला खोबरेल पाजलं. पाळणा मुका झाला आणि दोन ओळींत आतेचा ताल सुटला. तिनं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा सुटला. मग सहदेवच्या ध्यानात आलं. इतकी वर्षं ती कुरकुर धरूनच आते गात होती. त्याच्या कानांना जो दोष वाटला, तो तिचा तबला होता. त्यानं रॉकेलच्या चिंधीनं कडी घासून कोरडी केली आणि मायक्रोफोन कडीपासून दूर, पाळण्याखाली, टोपलीत कापडावर ठेवला.

रविवारी दुपारी शेवटची संधी. आते गायला लागली. सहदेवच्या कानांवर हेडफोन होता आणि बोटं चक्राजवळ. लहानपणापासून ऐकलेलं गाणं, पण तिच्या दोन शब्दांमधला श्वास त्यानं आज पहिल्यांदा ऐकला. पाळणा परत येताना ती श्वास घेत होती, दर वेळी, एकदाही न चुकता. आपल्या आतेला हे कुणी शिकवलं असेल?

'बाळाचं नाव ठेविलं गं' इथपर्यंत आते आली आणि थांबली. नुसतीच कडी वाजत राहिली. कुर्र, कुर्र. दोन झोके गेल्यावर तिनं पुढली ओळ उचलली आणि गाणं पुरं केलं.

"आते, नाव विसरलीस! पुन्हा म्हण."

"इसारतंय कशी? पोर कोणाचा ता माका म्हायत नाय. ज्येचा पोर, तेणी नाव घालूचा." तिनं दोरी सोडली. गळा दुखत होता. पुन्हा म्हणणं शक्यच नव्हतं.

डॉक्टरांना ती शीर वाचवता आली नाही. आते घरी आली ती कुजबुजीएवढा आवाज घेऊन. सहदेवनं तिला फीत ऐकवली. तिनं यंत्राच्या मागं वाकून पाहिलं, मग कुजबुजली, "मी अशी गायतंय?" फीत संपून शेपूट फडफडत होतं, तरी यंत्र बंद करायचं सहदेवला सुचेना.

मे महिन्यात शेजारच्या सुगंधाच्या मुलीचं बारसं आलं. मुलीची आत्या गावी अडकली होती. "जानकीआते, कानात नाव तुम्हीच सांगा," सुगंधा म्हणाली. "आणि गाणं... सहदेवभाऊंची ती फितीची पेटी लावूया का?"

पाळणा हलला आणि खोलीभर आतेचा आवाज पसरला. बायकांची कुजबूज थांबली. कुणी यंत्राकडे बघे, कुणी दोरी धरलेल्या आतेच्या मिटलेल्या ओठांकडे. एका म्हातारीनं हात जोडले, पण कुणाला जोडायचे ते न कळून मध्येच धरून ठेवले.

'बाळाचं नाव ठेविलं गं...'

कडी वाजली. आते वाकली. कानात नाव सांगायला कुजबुजच लागते. ती तिच्याकडे होती. पोरीच्या कानाशी ओठ नेऊन तिनं 'नलिनी' म्हटलं. ती मान वर करते न करते तोच दुसरा झोका संपला आणि फितीवरची जानकी पुढली ओळ म्हणू लागली. मधे केसाइतकीही फट राहिली नाही. आठवडाभराच्या खटपटीनं आपण आवाज धरला असं सहदेवला वाटत होतं; तिनं मात्र त्यात नाव सांगणाऱ्याला यायला वाट ठेवली होती.

गाणं संपलं, फितीचं शेपूट फडफडू लागलं. आतेनं सहदेवच्या मनगटावर चापट मारली.

"बंद कर तां," ती कुजबुजली. "पोर निजला."