उताराचा पत्रा

कोल्हापुरात कुणाच्या छज्ज्यावर कबुतरांनी संसार थाटला, की फक्रुद्दीनला बोलावणं जायचं. तो छज्ज्यावर असा तिरका पत्रा बसवायचा, की पाखराचा पाय ठरू नये. पाखराला टोचणारे काटे मात्र त्याने उभ्या जन्मात ठोकले नाहीत. आणि वर अंडी किंवा पिल्लं दिसली, तर शिडी खांद्यावर टाकून सरळ माघारी फिरायचा. "पिल्लं उडाली की सांगावा धाडा, पावणं," एवढंच म्हणायचा. लोक कुरकुरायचे, पण थांबायचे.

आणि त्याच्या स्वतःच्या घरी? लोका सांगे ब्रह्मज्ञान! स्वयंपाकघराच्या खिडकीवरच्या छज्ज्यावर एक पांढरी मादी ठाण मांडून बसलेली असायची. समोरचे गणपतराव येता-जाता टोमणा मारायचे, "फक्रूभाई, गावाच्या छज्ज्यावर उतार आनि तुमच्या छज्ज्यावर दरबार व्हय?" फक्रुद्दीन हसून वेळ मारून न्यायचा.

एके काळी गच्चीवर त्याची कबुतरांची भरली ढाबळ होती. कबुतरं उडवायचा नाद मोठा वाईट, माणसाला जेवणाची शुद्ध राहत नाही. बायको मेहरुन्निसा त्या नादाच्या नावाने बोटं मोडायची. पण या पांढरीला तिनेच हातावर दाणे चारून वाढवलं होतं. मग मेहरुन्निसा गेली. पाठोपाठ लेकीच्या, आफशीनच्या पोराला दमा निघाला आणि डॉक्टरांनी सांगितलं, याला कबुतरांपासून लांब ठेवा. तेव्हापासून आफशीन गडहिंग्लजहून एकटीच यायची, पिसांची धूळ कपड्यांवरून पोरापर्यंत जाऊ नये म्हणून दारातल्या खुर्चीवरच चहा घ्यायची आणि परतीची एसटी धरायची. माहेरी येऊन उंबऱ्याच्या आत पाऊल नाही! फक्रुद्दीनच्या जिवाला ते फार लागायचं. नातवाला मांडीवर घ्यायला हात नुसते शिवशिवायचे.

अखेर त्याने अख्खी ढाबळ मुरगूडच्या एका शौकिनाला देऊन टाकली. बाकीची तिथे रमली, पांढरी तेवढी परत आली. पुन्हा नेऊन सोडली, पुन्हा आली. ढाबळ मोडलेली दिसल्यावर ती मेहरुन्निसाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर बसू लागली. आता तिला तिथून कोणत्या तोंडाने उठवायचं?

एक दिवस आफशीनचा फोन आला. "अब्बा, या सुट्टीत पोराला घिऊन ऱ्हायला यावं वाटतंय. पन पांढरी..."

"तू ये की. मी बघतो."

त्याने स्वतःच्याच घराला शिडी लावली. जे काम आयुष्यभर डोळे झाकून केलं, त्याला आज तीन-तीनदा माप घ्यावं लागलं. छज्जा भिजवून, घासून स्वच्छ केला आणि पत्रा बसवला. थोड्या वेळाने पांढरी आली. पाय टेकला, घसरली. फडफडून पुन्हा आली, पुन्हा घसरली. मग गणपतरावांच्या गच्चीवरच्या टाकीवर जाऊन बसली, तोंड इकडेच करून. फक्रुद्दीनला वाटलं, आपण मेहरुन्निसालाच दाराबाहेर काढलं. तो शिडीच्या पायथ्याशी बसून रडला.

आफशीन आली आणि चक्क राहिली. घरात भांडी वाजली, फोडणीचा वास सुटला. नातू आजोबाच्या कुशीत झोपला आणि त्याची छाती वाजली नाही.

सकाळी आफशीन खिडकीशी उभी होती. "अम्मीची पांढरी न्हवं ती?"

"व्हय. रोज तिथंच बसती."

आफशीनने फळीवरून ज्वारीचा डबा खाली काढला. मग म्हणाली, "दारातनं परत जाताना काय हुतंय ते मला म्हाईत हाय, अब्बा." तिने डब्यातून मूठभर ज्वारी काढून त्याच्या हातात दिली. "जावा, गणपतकाकांच्या गच्चीवर घाला जावा तिला. पन येताना मागल्या न्हाणीत अंघोळ केल्याबिगर आत यायचं न्हाय."

गणपतरावांनी आज टोमणा मारला नाही, जिन्याचं दार उघडून दिलं. फक्रुद्दीनने गच्चीवर ओंजळ पुढे केली, तशी पांढरी येऊन त्याच्या मनगटावर बसली. समोरच्या खिडकीत आफशीन पोराला कडेवर घेऊन उभी होती. मधे एवढासा बोळ. फक्रुद्दीन आणि पांढरी, दोघंही परक्याच्या गच्चीवरून आपलं घर बघत राहिली.