खटक् झाल्यावरचं हसू

संगमनेरच्या आमच्या शेजाऱ्याला खुर्ची चावते. मिररलेस कॅमेरा घ्यावा की डीएसएलआर, या एका प्रश्नापायी तो दिवाळीपासून माझ्या ओट्यावर येरझारा घालतोय. त्याला म्हाताऱ्या आईचा हसरा फोटो हवाय, आणि कॅमेरा दिसला की आई डोक्यावर पदर घेऊन पुतळा होते.

रविवारी त्याने दोन्ही कॅमेरे मित्रांकडून मागून आणले आणि आईला माझ्या ओट्यावर बसवलं. मिररलेसने आवाज न करता फोटो काढले. आई ताठच.

"काढला का रं? मान आखडली माझी."

मग डीएसएलआर खटकन वाजला.

"झाला बाई एकदाचा," म्हणत आई बोळकं उघडून हसली. तेवढ्यात त्याने दुसरा काढला.

तो फोटो बघत तो पहिल्यांदाच माझ्या खुर्चीत टेकला.

"मग ठरलं," मी म्हणालो.

"व्हय," म्हणत तो उठलाच. "पन भाऊ, लेन्स कंची घ्यावी?"