एका रात्रीत बांधलेली भट्टी

"तू तिथं जाणार नाहीस, आई."

"जाणार. अकराची सुनावणी आहे, साडेदहाला निघणार. आणि तो पेला उचल आधी तिथून, माझे कागद ओले होतील."

"अख्खी वसाहत नोकऱ्यांकडे डोळे लावून बसलीय आणि हिला कागदांची पडलीय!"

"अरे, दुसरी अणुभट्टी बांधू नका असं मी म्हटलंय का कधी? बांधा की. पण कितीला पडणार ते खरं सांगून बांधा."

"झालं! तू 'पण' म्हणालीस की लोकांना तेवढा 'पण'च ऐकू जातो. पुढचं कोण ऐकतंय?"

आत्या टेबलाशी बसून कागदांना टाचण्या लावत होती. तिचा मुलगा, म्हणजे माझा आतेभाऊ, रात्रपाळी संपवून थेट तिच्याकडे आला होता. गळ्यातला बिल्लासुद्धा काढला नव्हता. तो पहिल्या अणुभट्टीच्या नियंत्रण कक्षात आहे, आणि दुसरी झाली तर तिथं पाळीप्रमुख होणार हे घरात सगळ्यांना पाठ होतं. माझे बाबा, म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ, जमिनीवर बसून तिच्या फ्रिजच्या दाराचं रबर बदलत होते, आणि उजेडासाठी बॅटरी माझ्या हातात होती. भांडण ऐकू येत नसल्यासारखे. बर्फाच्या कारखान्यात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला गोंगाटात गप्प बसता येतं.

आत्या वीज कंपनीच्या नियोजन खात्यात होती. तीस वर्षं एकच खोली, एकच खिडकी, खिडकीबाहेर जिन्याची भिंत. साहेब आले आणि गेले, खुर्च्या बदलल्या, ही तिथंच. एखाद्या ठिकाणी वीज कशापासून बनवली तर युनिटला किती पडेल, याचे तक्ते ती करायची. खात्यात तिला 'व्याजबाई' म्हणत, कारण कुणीही कसलाही आकडा आणून टाकला की हिचा पहिला प्रश्न ठरलेला : "यात व्याज धरलंय का?" एकदा शिपायानं चहाचा खर्च सांगितला तेव्हाही तिनं हेच विचारलं होतं म्हणे. शिपाई म्हणाला होता, "नाही बाई, फक्त साखर."

"मामा, तुम्ही तरी सांगा हिला," आतेभाऊ म्हणाला.

बाबांनी तोंडातला स्क्रू काढला. "मी काय सांगणार भाचेबुवा? मला त्यातलं कळतं का काही? ताई, तू एकदा मला समजेल असं सांग. अणूची वीज स्वस्त का महाग? एका शब्दात."

"एका शब्दात सांगणारे सगळे स्टेजवर बसणारेत आज," आत्या म्हणाली. "तू दोन मिनिटं दे. हे बघ, कोळसा म्हणजे भाड्याचं घर. घुसायला फार लागत नाही, पण दर महिन्याला भाडं मोजायचं. मालकाच्या मनात आलं की भाडं वाढलं. अणू म्हणजे स्वतःचं घर. बांधताना कंबरडं मोडतं. एकदा फिटलं की मग मजा. इंधनाचा खर्च किरकोळ, साठ साठ वर्षं चालते भट्टी, आणि भाव उडी मारत नाही."

"मग? हेच तर मी म्हणतोय!" आतेभावानं टेबलावर थाप मारली.

"हात आवर. घर बांधून होईपर्यंत राहायचं कुठं, ते कोण सांगणार? भाड्याच्या घरात. म्हणजे भाडंही भरायचं आणि नव्या घराचं व्याजही. बांधकाम सहा वर्षांत उरकलं तर झेपतं. तेरा वर्षं रखडलं, तर व्याजावर व्याज चढून विटांपेक्षा व्याजच जास्त होतं. आणि शेवटी भट्टी म्हातारी झाली की ती पाडायलाही पैसे लागतात. ते आजपासून बाजूला टाकायचे. कुणी टाकतं?"

"पहिली तेरा वर्षं रखडली खरी," बाबा म्हणाले. "मला सांगायला नको."

त्यांना सांगायला नकोच होतं. पहिल्या भट्टीच्या बांधकामासाठी वीजबिलात एक वेगळी ओळ आली होती, 'बांधकाम आकार'. भट्टीनं एक दिवा लावला नव्हता तेव्हापासून आम्ही तिचे पैसे भरत होतो. घरातल्या बिलात ती ओळ दोन-चार शिव्यांत खपून जायची. पण बर्फाचा कारखाना म्हणजे पाणी आणि वीज, तिसरं काही नाही. पाणी फुकट होतं, त्यामुळे सगळा संसार त्या विजेच्या आकड्यावर. नवव्या वर्षी बाबांनी कॉम्प्रेसर बंद केला. त्या दिवशी तो थांबला तेव्हा मला कानात काहीतरी बिघडल्यासारखं वाटलं होतं, इतकी शांतता. तेराव्या वर्षी भट्टी सुरू झाली. त्यानंतर विजेचा दर खरंच स्थिरावला, आजपर्यंत जवळजवळ हललेला नाही. बाबांच्या कारखान्याच्या जागी आता दुसऱ्या कुणाचं शीतगृह आहे आणि ते झकास चाललंय. बाबा घाऊक बाजारात वजनकाट्यावर पावत्या फाडतात.

"आता या नव्या भट्टीचा तक्ता बघ." आत्यानं एक कागद बाबांपुढे धरला. "तीन रकाने. कोळसा, वायू, अणू. अणू सगळ्यात स्वस्त, अठरा टक्क्यांनी. का? कारण पहिल्या दोन रकान्यांत व्याज धरलंय आणि तिसऱ्यात नाही. तिसरा आकडा भट्टी विकणाऱ्यांच्या पुस्तिकेतून जसाच्या तसा उचललाय. ते लोक किंमत कशी सांगतात ठाऊक आहे? आज संध्याकाळी पाया खणला आणि उद्या सकाळी भट्टी उभी, असं धरून. एका रात्रीत! म्हणजे व्याजाचा प्रश्नच नाही."

बाबा हसले. "आमच्या गल्लीत गटाराचं झाकण बसायला दोन वर्षं लागली."

"व्यापारात ती पद्धतच आहे, खोटं नाही काही त्यात. पुस्तिकेत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. पण तक्ता करणाऱ्यानं ते ओळखून व्याज घालायचं असतं. घातलं, आणि भट्टी आठ वर्षांत उभी राहिली, तरीही मी हिशेब केलाय, ती परवडते. अगदी काठावर, पण परवडते. दहाच्या पुढे गेली की बुडालो. एवढंच सांगायचंय मला. आठ वर्षांची हमी लिहून घ्या, आणि उशीर झाला तर तो बिलात नको, बांधणाऱ्याच्या खिशातून. यात कुणाची नोकरी जाते?"

"माझी!" आतेभाऊ ओरडला. "अशी हमी कोण लिहून देणार? कुणीच नाही! मग भट्टीच होणार नाही. कोळशाचं केंद्र आणखी वीस वर्षं धूर सोडेल. माझे बाबा त्या राखेत गेले, ते विसरलीस?"

आत्याचा टाचणी धरलेला हात थांबला.

तिचे यजमान कोळशाच्या केंद्रात राख विभागात होते. बॉयलरखालची राख पाण्याबरोबर तळ्यात सोडायची आणि उन्हाळ्यात ती सुकून उडायला लागली की त्यावर पाणी मारायचं, हे काम. घरी आले की आधी मोरीत पाच मिनिटं खोकायचे, मग "काय आहे गं खायला?" आत्या त्या पाच मिनिटांत रेडिओ मोठा करायची. पहिल्या भट्टीचं बांधकाम सुरू होऊन चौथं वर्ष लागलं आणि ते गेले.

"मी विसरले?" ती हळू म्हणाली. "तू मला विचारतोस?"

"मग शांतपणे घरी बस ना. माझं ऐक. मी काय उगाच पाय धरतोय का तुझे? काल साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. समोर जुनी फाइल. पहिल्या भट्टीच्या तक्त्याची. म्हणाले, 'तुमच्या मातोश्री सुनावणीला येणार असं ऐकतो. त्यांना ही आठवण करून द्या.'"

"गप्प बस."

"तुझ्या भल्यासाठीच—"

"गप्प बस म्हटलं ना!"

"अगं, उद्या वर्तमानपत्रात येण्यापेक्षा घरात बोललेलं बरं! त्या तक्त्यातही हीच चूक होती, मामा. अगदी हीच. तिसऱ्या रकान्यात व्याज नाही. आणि समासात पेन्सिलनं काढलेलं प्रश्नचिन्ह. खोडलेलं. शेजारी हिची सही."

बाबा रबराची कड दाराच्या खाचेत बसवत होते. अंगठा तसाच दाबून धरला त्यांनी. "खोडलेलं म्हणजे?"

ते आत्याकडे वळले. "ताई, म्हणजे काय?"

"आमच्या खात्यात रीत होती," आत्या म्हणाली. तिचा आवाज ऑफिसातला झाला, कोरडा. "तक्त्यात काही खटकलं तर समासात पेन्सिलनं प्रश्नचिन्ह काढायचं. ते असेपर्यंत फाइल वर जात नाही. दुसऱ्या कुणाला ते खोडता येत नाही, अगदी मोठ्या साहेबालाही नाही. ज्यानं शंका काढली त्यानंच खोडायची आणि शेजारी शाईनं सही करायची. म्हणजे माझं समाधान झालं."

"आणि तुझं झालं होतं?"

"नाही."

"दबाव आणला कुणी?"

इथं ती 'हो' म्हणू शकली असती. आम्ही सगळ्यांनी विश्वास ठेवला असता. खात्यातले अर्धे साहेब आता हयात नाहीत, विचारायला कोण जाणार होतं!

"नाही रे," ती म्हणाली. "साहेब म्हणाले, 'व्याजबाई, तुमचं काय ते तुम्ही ठरवा.' तीन दिवस फाइल माझ्या टेबलावर होती. व्याज धरलं असतं तर अणू आणि कोळसा बरोबरीत येत होते. आणि बरोबरी झाली की आहे तेच चालू ठेवायचं हा नियम. कोळशाच्या केंद्राला दहा वर्षं वाढ. ह्यांना आणखी दहा वर्षं राखेत... सहा वर्षांत भट्टी झाली की केंद्र बंद होणार होतं. मी म्हटलं, होऊ दे सहा वर्षांत. चौथ्या दिवशी खोडरबर घेतलं."

"पण केंद्र कुठं बंद झालं?" आतेभावाच्या तोंडून निघून गेलं. मग त्याचं त्यालाच कळलं असावं, त्यानं मान खाली घातली.

"नाही झालं. नवी भट्टी तेरा वर्षं लटकली, म्हणून जुनं केंद्र तेरा वर्षं ताणलं, आणि ते अजूनही चालूच आहे. दोन्हीचा खर्च, आणि राखही." ती हसल्यासारखं हसली. "आगीतून फुफाट्यात म्हणतात ना, ते आमच्याच खात्यातल्या कुणाला तरी सुचलं असेल."

बाबा उठले. गुडघे वाजले त्यांचे. स्क्रूड्रायव्हर फडक्यानं पुसला, पिशवीत ठेवला, पुन्हा काढला.

"बांधकामाच्या तिसऱ्या वर्षी माझ्याकडे शीतगृहवाला आला होता," ते म्हणाले. "जागा, यंत्रं, माणसांसकट घेतो म्हणाला. चांगला भाव देत होता. आठवतं?"

"आठवतं."

"मी तुझ्याकडे आलो. इथंच बसलो होतो. तुला म्हटलं, ताई, तू त्या खात्यातली, मला खरं सांग, विकू का? विजेचं किती दिवस असं चालणार? तू काय म्हणालीस?"

आत्या उरलेल्या टाचण्या डबीत टाकू लागली.

"बोल ना. मला तोंडपाठ आहे, तुला असू नये?"

"म्हणाले, तीन वर्षं कळ काढ. मग वीज स्वस्तच होणार."

"तेव्हा तुला माहीत होतं."

"दादू, तेव्हा मलाही वाटत होतं की कदाचित..." लहानपणीचं नाव तिच्या तोंडी फार वर्षांनी आलं होतं. "तुला सांगितलं असतं तर ते मलाही स्वतःला सांगावं लागलं असतं. ह्यांचा खोकला त्या वर्षी इतका वाढला होता. 'सहा वर्षं' हा एकच आकडा धरून मी दिवस काढत होते. तो आकडा खोटा आहे असं तुला सांगायला तोंड उघडलं असतं तर..."

"माझ्याकडे अकरा माणसं होती," बाबा म्हणाले. "त्यांचंही व्याज धरलंस का कधी?"

आतेभाऊ मध्ये पडला, बिचारा. "मामा, जाऊ द्या ना आता, जुनं—"

"तू थांब. तुझी पाळी संपलीय."

आत्यानं कागद उचलले आणि टेबलावर आपटून त्यांच्या कडा सारख्या केल्या. तीस वर्षांची सवय. मग ती बाबांसमोर उभी राहिली. ती बाबांच्या खांद्याला लागते, पण लहानपणी ती त्यांना कडेवर घेऊन फिरायची, हे त्या दोघांच्या उभं राहण्यात अजून दिसतं.

"मी हेच सांगायला चाललेय," ती म्हणाली. "साहेबांनी फाइल काढायच्या आत मीच सांगणार. तेव्हा मी खोडलं, त्याचं असं असं झालं, आता तरी व्याज धरा. हसतील, शिव्या देतील. पेन्शन अडवतील कदाचित. ह्याची बढती जाईल."

"जाईलच!" आतेभाऊ म्हणाला.

"जाऊ दे. पण मी एकटी बाई आकडे वाचत बसले तर कोण ऐकणार? त्यांच्यासाठी मी खात्यातली म्हातारी. आकड्यानं काय होतं ते दाखवायला माणूस लागतो. बर्फाचा कारखाना लागतो. तू माझ्या शेजारी उभा राहिलास तर... मला माफ कर असं मी म्हणत नाही. ते नंतर, किंवा नको. फक्त आज अकराला माझ्याबरोबर चल. येशील?"

बाबांनी फ्रिजचं दार उघडलं. लावलं. नवं रबर घट्ट बसलं होतं. एका बोटानं ओढून बघितलं, सुटलं नाही. मग त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली, माझ्याकडे न बघता माझ्या हातातल्या बॅटरीसाठी हात पुढे केला आणि ती घेतली.

"दादू, हो का नाही ते तरी सांग."

ते चपला घालून जिना उतरले.