राखेच्या ब्लॉकचा आडवा फोटो

ऐंशी सालाच्या आसपास मी निपाणीच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचे. माझ्या वहिनीनं तेव्हा साखर कारखान्याची राख आणि भट्टीतला जळका खडा सिमेंटात कालवून हलके ब्लॉक पाडायला सुरुवात केली होती. हाताखाली दहा बायका, सगळ्या तंबाखूच्या वखारीतून आलेल्या. एका शाळेच्या भिंतींचं काम मिळालं, पण बेळगावच्या कॉलेजातल्या दाबयंत्रात ब्लॉक दोनदा ठरलेल्या दाबाआधीच फुटले. पार चुरा व्हायचा, त्यामुळे कुठून फुटला ते कळेना. शाळेचं बांधकाम बघणारे चिकोडीचे इंजिनिअर म्हणाले, राखच कुचकामी आहे. तिसऱ्यांदा फुटला तर काम दुसऱ्याला. म्हणजे दहाजणी परत वखारीत.

मी एक ब्लॉक दवाखान्यात आणवला. डॉक्टरांनी मुदत संपलेल्या फिल्म दिल्या आणि विचारलं, "पेशंटनं सकाळी काही खाल्लंय का?"

"राख," मी म्हटलं.

पहिल्या फोटोत बारीक भोकं सगळीकडे सारखी. हलक्या मालात ती असायचीच. सरळ फोटोत दुखणं सापडलं नाही तर आपण माणसाला कुशीवर वळवतो. तसा ब्लॉक कडेवर उभा केला आणि कंबरेच्या आडव्या फोटोला देतो तेवढा डोस दिला. ओली फिल्म उजेडात धरली तर मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, काळी रेघ. काळं म्हणजे पोकळी.

दुपारी वहिनीच्या शेडवर जाऊन बघत बसले. बायका अर्धा साचा भरून दाबत, वर हात फिरवून गुळगुळीत करत आणि मग दुसरा थर घालत.

"मधल्या थरावर हात कशाला फिरवता?"

"वखारीत तंबाखूचा थर वाकडा दिसला की मुकादम आक्खं पोतं उपसायला लावायचा," त्यातली एक म्हणाली.

वहिनीनं फिल्म निरखली. "वन्सं, लई नीटनेटकेपणा नडला म्हणायचा."

गुळगुळीत पाठीवर दुसरा थर चिकटतच नव्हता. मी सांगितलं, पहिला थर खुरप्यानं ओरखडा, मगच वरचा घाला.

"असलं ओबडधोबड काम करायला लाज वाटंल, आक्का."

"साच्याच्या आत कोण बघतंय?"

"तुमी बघतासा की."

महिनाभर पाणी मारून पक्के केलेले नवे ब्लॉक मी आधी आडवे तपासले. रेघ नव्हती. कॉलेजात इंजिनिअर स्वतः यंत्रापाशी उभे राहिले. काटा हव्या त्या आकड्याला गेला, ओलांडून बराच पुढे गेला. वहिनीनं रेघेची जुनी आणि बिनरेघेची नवी, अशा दोन्ही फिल्म खिडकीच्या काचेला लावल्या.

"राख तीच हाय, सायेब. फकस्त खुरपं लावलं."

त्यांनी काळ्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "या फिल्म मला कचेरीत ठेवायला द्या."

"पयलं मंजुरीवर सही करा," वहिनी म्हणाली.

त्यांनी तिथंच, यंत्राशेजारच्या धुळकट टेबलावर कागद ठेवून, सही केली.